वऱ्हाडचा इतिहास आणि कापूस वेचणारे हात

वऱ्हाडचा इतिहास सांगताना आमचे अभ्यासक प्रथम तहनामे सांगतात. १८५३ साली निजामाने कर्जापोटी हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली वार्षिक २५ लाखांवर तो कायमच्या पट्ट्याने गेला. मग कापूस येतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात भाव चढले, पुढे खामगाव-अमरावतीला रेल्वे आली, आणि ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आजही मिरवली जाते. हे सारे खरे आहे. पण या कापसाला बोटे कोणाची लागली, हा प्रश्न या इतिहासाला पडत नाही.

आम्ही त्यात भेटतो ते थेट १९२७ साली, अंबादेवीच्या देवळापाशी. त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. मंदिरप्रवेशाच्या त्या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुख होते. त्या लढ्याचे मोल मी कमी करीत नाही. परंतु इतिहासकार आम्हाला देवळाच्या पायरीवरच सोडून जातो. शेताच्या बांधापर्यंत येत नाही.

ब्राझीलचा इतिहास म्हणूनच मला परका वाटला नाही. तिथे १८५० च्या कायद्याने सरकारी जमीन विकतच घ्यावी लागेल असे ठरले आणि गुलामी उठली १८८८ साली. माणसे मोकळी झाली. जमीन मिळाली नाही. उसाचे नि कॉफीचे मळे ज्यांचे होते त्यांचेच राहिले. गुलामी आणि अस्पृश्यता एक नव्हेत, हे मान्य. पण भूमिहीनाचे स्वातंत्र्य पुन्हा मालकाच्याच दारात जाऊन उभे राहते, हे दोन्हीकडे सारखेच.

माझी आई अकोल्याकडच्या शेतांत कापूस वेचायची. ओटीत कापूस, बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटे, संध्याकाळी वजनावर मजुरी. मालक ‘ओल आहे’ म्हणून किलोभर वजा करायचा. आमच्या नावे सातबारा नव्हता.

२००६ साली पंतप्रधान आले. अमरावती-अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर कविता-कादंबऱ्या आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. मात्र मदतीला पात्र ठरायचे तर कुटुंबाच्या नावे जमीन हवी, त्यावर कर्ज हवे. शेतमजुराने फास घेतला तर तो या यादीत बसत नाही. सरकारचे हे निकष एकवेळ समजू शकतात. आमच्या ग्रामीण समीक्षेने ते का उचलावेत? ‘वऱ्हाडचे दुःख’ म्हणताना तिलाही खातेदारच दिसतो.