फ्रेस्कोबाल्दीच्या वाद्यरचना : लिखित संहिता आणि वादकाचे स्वातंत्र्य

जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी (1583–1643) हे नाव पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासग्रंथांत बहुधा बाखचा एक पूर्वसूरी म्हणून येते. त्याच्या ‘फियोरी म्युझिकाली’ (1635) या संग्रहाची प्रत बाखने 1714 मध्ये मिळवली होती, हे खरेच. तथापि पुढच्याच्या मोठेपणावरून मागच्याचे मोजमाप करण्याची ही रीत फ्रेस्कोबाल्दीवर अन्याय करणारी आहे.

फेर्रारा येथे लुझास्कीच्या हाताखाली तयार झालेला हा वादक 1608 मध्ये रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेचा ऑर्गनवादक झाला आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातील काळ (1628–1634) वगळता प्रायः अखेरपर्यंत त्या पदावर राहिला. समकालीन पंडित डोनी याचा त्याच्याविषयीचा अभिप्राय मात्र अत्यंत प्रतिकूल आहे. हा मनुष्य अडाणी असून गीतातील शब्दांचा अर्थही त्याला पत्नीस विचारावा लागतो, असा त्याचा आशय. (पंडितांना हाताने काम करणाऱ्यांविषयी वाटणारा हा तुच्छभाव कोणत्याही काळात नवा नाही.)

या आक्षेपाचे उत्तर 1615 च्या टोकाटा-संग्रहाच्या प्रस्तावनेत आधीच मिळते. टोकाटा ही ऑर्गन वा हार्पसिकॉर्डवर वाजवायची मुक्त विस्ताराची रचना. तिच्यात ठोका काटेकोर पाळू नये. नव्या माद्रिगाल गीतांत शब्दांच्या भावानुसार लय जशी मंदावते, द्रुत होते किंवा क्षणभर अधांतरी थांबते, तसे वादन व्हावे, असे फ्रेस्कोबाल्दी सांगतो. इतकेच नव्हे, तर वादकाने योग्य विरामस्थळी रचना संपवली तरी त्याची हरकत नाही. ज्याला शब्द कळत नाहीत असे म्हटले गेले, त्यानेच शब्दहीन वाद्यसंगीताला शब्दांच्या भावाचे माप लावावे, ही बाब डोनीचा अभिप्राय प्रमाण मानणाऱ्यांनी विचारात घ्यावयास हवी.

या स्वातंत्र्याला स्वैरता समजणे चुकीचे ठरेल. ‘फियोरी म्युझिकाली’ हा मिस्सा-उपासनेत वाजविण्याच्या रचनांचा संग्रह आहे. येथे स्वरावली चार स्वतंत्र पट्टांवर छापलेली असून तशा लेखनावरून वाजवता येणे हीच खऱ्या वादकाची कसोटी, असा त्याचा आग्रह आहे. त्यातील एका रिचेरकारमध्ये तर पाचवी स्वररेषा वादकाने न वाजवता गायची आहे. ती कोठे प्रवेश करते हे छापलेले नाही. स्वरजुळणीचे ज्ञान असणाऱ्यालाच ते शोधता येते. मोकळीक येथेही आहे, पण ती अधिकाराने मिळवावी लागते. त्याची गीते (1630) मात्र या उंचीला पोहोचत नाहीत.

1637 मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने योहान याकोब फ्रोबर्गरला त्याच्याकडे शिकण्यास पाठविले. फ्रोबर्गरच्या मृत्यूनंतर त्याची आश्रयदाती सिबिला हिने लिहून ठेवले, की प्रत्यक्ष त्याच्याकडून न शिकता त्याच्या रचना केवळ कागदावरून नीट वाजवता येणार नाहीत.