वन्स मोअर आणि जयजयकार

संगीत ऐकून रसिकाच्या मनात काय होते, याचा विचार आपल्या समीक्षेने पुष्कळ केला आहे. पण संगीत ऐकून रसिक उघडपणे काय करतो, याकडे तिचे लक्ष क्वचितच गेले आहे. शिटी, टाळी, पायांचा ताल, उठून उभे राहणे या गोष्टी अभिरुचीच्या प्रांताबाहेरच्या मानून आपण त्या सोडून देतो. तथापि एखाद्या संगीताने श्रोत्याला कोणत्या नात्यात बांधून घेतले आहे, हे या बाह्य कृतींवरूनच पुष्कळदा कळते. म्हणून त्यांची चिकित्सा केली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या विचारास निमित्त झाले ते 'बाहुबली २ : द कन्क्लूजन' या चित्रपटाचे. २८ एप्रिल २०१७ रोजी प्रदर्शित झालेला हा अद्भुतरम्य चित्रपट मी चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात पाहिला. कारखान्यांसाठी आखलेल्या या भागात २०१३ साली 'एलांते' हे भव्य व्यापारसंकुल उघडले. त्यातील चित्रपटगृहात शहराच्या सेक्टरांतून आलेली कुटुंबे आणि जवळच्या गाळ्यांतून पाळी संपवून आलेले कामगार एकाच रांगेत बसले होते. कथा दक्षिणेतील, मूळ भाषा तेलुगू, नगरी माहिष्मती. तरीही नायकाच्या प्रवेशाचे 'जियो रे बाहुबली' हे गीत सुरू होताच सारे प्रेक्षागृह दणाणून गेले. त्याचे एक कारण उघड होते. त्या गीतातील मुख्य आवाज दलेर मेहंदी यांचा आहे. भांगड्याच्या ठेक्यावर वाढलेल्या त्या श्रोत्यांना परक्या राजपुत्राच्या मिरवणुकीत आपलाच आवाज भेटला होता.

अशा प्रतिसादाविषयी दोन सोपी मते संभवतात. एक असे की, हा केवळ गोंगाटाला गोंगाटाने दिलेला जबाब असून त्याचा कलेशी संबंध नाही. दुसरे असे की, हजारोंना उठून उभे करणारे संगीत श्रेष्ठच असले पाहिजे. पहिले मत श्रोत्याचा अपमान करते, तर दुसरे टीकाकाराला निरुपयोगी ठरविते. दोन्ही मते प्रतिसादाचा आवाज मोजतात, त्याची जात पाहत नाहीत.

प्रतिसादाची जात ओळखण्यास मराठी रंगभूमीचा इतिहास उपयोगी पडतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून बालगंधर्वांच्या वैभवकाळापर्यंत मराठी प्रेक्षकाने आपली दाद एका इंग्रजी शब्दजोडीत घातली : 'वन्स मोअर'. नाट्याचा ओघ तोडणारी खोड म्हणून तिची निर्भर्त्सना झाली, आणि ती अन्याय्य नव्हती. पण वन्स मोअर ही निव्वळ स्तुती नव्हे. ती मागणी असते. श्रोता म्हणतो, 'हे मला आवडले, पण अजून पुरते कळले नाही, पुन्हा दाखव.' गायक तेच पद पुन्हा घेई तेव्हा ते तेच राहत नसे. एखादी जागा निराळी लागे, एखादी तान वाढे, कधी फसेही. या देवघेवीत श्रोता आपल्या जागी शाबूत असे. न. चिं. केळकरांनी काव्यानंदाच्या संदर्भात ज्याला सविकल्प समाधी म्हटले, ती हीच अवस्था : दुसऱ्याशी एकरूप होऊनही स्वतःचे भान न सुटलेली.

ध्वनिमुद्रित चित्रपटसंगीताला वन्स मोअर देता येत नाही. पडदा बहिरा असतो. शिट्यांनी छप्पर उडाले तरी वाद्यमेळ एक मात्राही थांबणार नाही. मात्र याला एक अपवाद आहे, आणि तो म्हणजे चित्रपटाचा उत्तरभाग. 'बाहुबली'चा पूर्वभाग १० जुलै २०१५ रोजी आला होता. त्यातील सुरावटी लोकांनी जवळपास दोन वर्षे मनात घोळविल्या आणि उत्तरभागात त्या पुन्हा भेटाव्या अशी इच्छा धरली. उत्तरभागाचे संगीत हा अशा रीतीने उशिरा मिळालेला वन्स मोअरच होय. तीन भागांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये हॉवर्ड शोर यांनी हेच केले. त्याहीपूर्वी वाग्नेरने आपल्या संगीतिकांत विशिष्ट व्यक्तीला वा वस्तूला विशिष्ट सुरावट जोडून स्मृतीलाच रचनेचा आधार बनविले होते. तेव्हा जुनी सुरावट ऐकताच चंडीगडच्या श्रोत्याला होणारा आनंद हा ओळखीचा आनंद आहे, आणि तो कलेच्या प्रांतातलाच आहे. प्रश्न एवढाच उरतो की, संगीतकाराने पुनःप्रत्यय देताना जागा बदलली की नुसता आवाज वाढविला?

एम. एम. कीरवाणी हे साधे संगीतकार नव्हेत. ज्यांचे नावच एका रागाचे आहे आणि ज्यांनी एम. एम. क्रीम या नावाने 'जख्म' (१९९८) व 'सूर' (२००२) यांसारख्या हिंदी चित्रपटांना हळुवार संगीत दिले, त्यांना मौनाची किंमत ठाऊक नाही असे कोण म्हणेल? तरीही मध्यंतरापूर्वीच्या राज्याभिषेकप्रसंगी त्यांचा वाद्यमेळ श्रोत्यासाठी काहीच शिल्लक ठेवत नाही. पडद्यावर भल्लालदेव राजा होतो. पण सेनापतिपदाची शपथ घेणाऱ्या बाहुबलीच्या नावाने प्रजा गर्जते, भूमी थरथरते. चर्मवाद्ये, समूहस्वर आणि प्रजेचा घोष यांचा एकच लोट होतो. माझ्या भोवतालचे प्रेक्षकही त्याच क्षणी गर्जले. परंतु हा वन्स मोअर नव्हता, जयजयकार होता. पडद्यावरील प्रजेने काय करावे हे संगीताने सांगितले आणि खुर्च्यांतील माणसांनी ते केले. येथे समाधी आहे, पण तिच्यातला विकल्प गेला आहे. श्रोता उरत नाही. उरते ती प्रजा.

याच चित्रपटात या प्रसंगाचे उत्तरही आहे. राजवाड्यातून घालवून दिलेला बाहुबली सामान्य जनांत जाऊन राहतो, तेव्हा हिंदी आवृत्तीत कैलाश खेर यांच्या उंच, ताणलेल्या स्वरात 'जय जयकारा' हे गीत येते. शब्द जयघोषाचा, प्रसंग मात्र वियोगाचा. अभिषेकाच्या वेळी जो घोष आज्ञेसारखा आला, तोच येथे आर्जवासारखा येतो. या विरोधातून श्रोत्याला स्वतः काही जोडावे लागते : मघाची गर्जना आठवावी लागते आणि तिचे पोकळपण जाणवून घ्यावे लागते. त्या वेळी चित्रपटगृहात शिटी वाजली नाही. माझ्या मते या संगीताला मिळालेली सर्वांत मोठी दाद ती शांतता होती.

अद्भुतरम्य कथेला भव्य नादाची गरज असते, तिला 'कुंकू'ची कसोटी लावणे योग्य नव्हे, असा आक्षेप यावर येईल. प्रभातच्या त्या १९३७ च्या चित्रपटात केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार हाताशी असूनही पार्श्वसंगीताचा त्याग केला होता आणि घरातल्या, रस्त्यावरच्या स्वाभाविक ध्वनींवरच भिस्त ठेवली होती. आक्षेप मला मान्य आहे. माहिष्मतीला 'कुंकू'चे मौन शोभणार नाही. पण प्रश्न नाद मोठा की लहान हा नाही. श्रोत्यावर विश्वास किती, हा आहे. तो विश्वास 'कुंकू'ने मौनाने व्यक्त केला, 'जय जयकारा'ने भरल्या स्वराने केला, राज्याभिषेकाने मात्र केला नाही.

चंडीगड हे स्वतंत्र भारताने मुद्दाम नव्याने वसविलेले शहर. तेथे सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय उभे आहे, राजवाडा नाही. ते नागरिकांसाठी रचलेले आहे. त्या शहरात तीन तास प्रजा होण्यात माणसाला इतका आनंद का व्हावा, याचे उत्तर केवळ संगीताच्या टीकाकाराने देण्यासारखे नाही. पण कोणत्या सुरांनी आपण ऐकणारे राहतो आणि कोणत्या सुरांनी नुसते गर्जणारे होतो, एवढे वेगळे करून दाखविणे हे त्याचे कर्तव्य आहे. चित्रपट सुटल्यावर जिन्यावरून उतरताना एक तरुण कामगार गुणगुणत होता. ते अभिषेकाचे संगीत नव्हते. 'जय जयकारा'ची चाल होती, आणि शेवटच्या स्वरावर तो आपल्या मनाने थोडा अधिक रेंगाळत होता.