वाड्यातलं मॉड्युलर किचन कोणासाठी?

पुणतांबा जंक्शनवरून शिर्डीचा फाटा निघतो. इथे थांबणाऱ्या एखाद्या लांब पल्ल्याच्या गाडीला पँट्री कार असेल, तर तिच्यात डोकावून बघा. अरुंद बोळ, हाताच्या अंतरावर शेगडी, प्रत्येक भांड्याला ठरलेली जागा. आज जुन्या वाड्यांत बसवलं जाणारं मॉड्युलर किचन अशाच डब्यातून आलंय.

१९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. त्यांच्यासमोर नमुना होता रेल्वेच्या भोजनडब्याचा. आकार साधारण १.९ बाय ३.४ मीटर. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. घरकाम करणाऱ्या बाईची पायपीट आणि वेळ वाचावा, हा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण त्या आखणीत काही गोष्टी धरून चालल्या होत्या: घर लहान असणार, स्वयंपाक एकटी बाई करणार, आणि सामान लागेल तसं दुकानातून येणार.

आता गोदाकाठच्या पुणतांब्यासारख्या गावातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दगडी जोतं, जाड भिंती, सागवानी खांब, वर मातीचं माळवद. ओसरी, माजघर ओलांडून सगळ्यात आत स्वयंपाकघर. रीलमध्ये हे फार सुंदर दिसतं. पितळेची भांडी, कोनाड्यातली पणती, मागे बासरी. धूर मात्र रीलमध्ये येत नाही. त्या अंधाऱ्या खोलीत चुलीपुढे उकिडवं बसून बायकांनी डोळे आणि गुडघे घालवले. स्वयंपाकघर इतकं आत असण्यामागे अनेक घरांत सोवळं होतं. कोणी उंबऱ्याच्या आत यायचं आणि कोणी नाही, हे तिथे ठरायचं. म्हणून ‘जुनं ते सगळं जपा’ म्हणणाऱ्यांना मी आधी विचारेन, तुमच्या घरात चुलीपुढे कोण बसायचं?

तेव्हा बदल हवाच. उभ्याने काम करता येईल असा ओटा हवा, गॅस हवा, नळ हवा, उजेड हवा. माझी तक्रार आहे ती कॅटलॉगमधलं फ्लॅटचं किचन उचलून वाड्यात कोंबण्याबद्दल.

१ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची ठिणगी याच पुणतांब्यात पडली. अशा गावातल्या शेतकरी घरात वर्षाचे गहू-बाजरी येतात, उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात, लोणच्याच्या बरण्या भरतात. चार-पाच बायका मिळून ते काम करतात. पंचेचाळीस सेंटीमीटरच्या ड्रॉवरमध्ये गव्हाचं पोतं मावत नाही आणि त्या बोळात दोघी नीट उभ्याही राहत नाहीत. मग काय होतं? पाहुण्यांना दाखवायला चकचकीत किचन राहतं आणि खरा स्वयंपाक परसात, पत्र्याखाली सरकतो. बाई धुरातून सुटते ती उन्हात जाते.

दुसरा मुद्दा भिंतीचा. माती आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि हळूहळू सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून टाइल्स लावल्या, की ओलीची वाट बंद होते. ती टाइल्सच्या मागे साठते, वर चढते, शेजारच्या लाकडी खांबात शिरते. भिंतीला चिकटवलेल्या प्लायवूडच्या कपाटामागे वाळवी लागली तरी महिनोन्महिने कळत नाही. किचन नवंकोरं दिसतं आणि वाडा आतून पोखरला जातो.

चांगलं काम फार महाग असतंच असं नाही. ओटा भिंतीत न खोचता स्वतःच्या पायांवर उभा करता येतो. त्याची उंची रोज राबणाऱ्या बाईच्या कोपराच्या जरा खाली ठेवता येते. पाण्याचं सगळं काम परसदाराच्या बाजूला नेता येतं आणि पाइप उघडे ठेवता येतात, म्हणजे गळती लगेच दिसते. भिंतीला पुन्हा चुना देता येतो. कोनाडे, फडताळं बुजवण्याऐवजी वापरता येतात. मधली जमीन मोकळी ठेवली, तर पापड लाटायला पाट मांडता येतात. धूर जायला माळवदात ठेवलेलं भोक काच बसवून उजेडासाठी ठेवता येतं.

वाड्याचं नूतनीकरण बघायला गेलात, तर दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर फोटो काढण्याआधी थेट आत जा. ओट्यापाशी उभे राहा. उजेड कुठून येतो, भाजी चिरताना पाठ वाकते का, दुसरं माणूस मदतीला आलं तर कुठे उभं राहील, ते बघा. आणि या आखणीत तिला कोणी काही विचारलं होतं का, हे स्वयंपाक करणारीलाच विचारा. तिचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या घरात फक्त फर्निचर बदललंय.