'अस्तु': सांभाळायचं कुणी?

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' तुम्ही पाहिलाय? अल्झायमर झालेले संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीमागे चालत निघून जातात. लेक इरा अपराधी भावनेनं पोखरली जाते; हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा मात्र त्यांना लेकरासारखं सांभाळते. लॅबमध्ये मी याच आजाराच्या प्रथिनांवर काम करते, पण सिनेमात मला खटकलं ते वेगळंच. दोन्हीकडे सांभाळणारी बाईच! चन्नम्माची माया खरी वाटते, पण ती थोड्या वेळापुरती. इराचं करणं रोजचं. 'घरच्यांनीच करायचं' ही रीत म्हाताऱ्यांना आधार देते खरी, पण 'घरचे' म्हणजे नेमकं कोण, हे विचारत नाही. करणारी थकली की हाल म्हाताऱ्यांचेही होतात. तुमच्याकडे कोण करतं? तिला सुट्टी कधी असते?