रेषेतली वैनगंगा

बालाघाटला स्पर्शून जाणारी वैनगंगा आणि शेजारच्या शिवनीच्या टेकड्या जगभरच्या वाचकांच्या मनात वसल्या त्या ‘द जंगल बुक’मुळे. १८९४ च्या पहिल्या आवृत्तीत मोगलीची ही वनभूमी रड्यर्ड किपलिंगच्या शब्दांइतकीच चित्रकारांच्या रेषांतूनही उमलत जाते. डब्ल्यू. एच. ड्रेक, पॉल फ्रेन्झेनी आणि लेखकाचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग हे ते तिघे चित्रकार.

ड्रेकच्या एका चित्रापाशी आपण जरा रेंगाळू. लांडग्यांच्या गुहेच्या तोंडाशी शेरखानचे विशाल मस्तक आले आहे. चित्रकाराने झेप टिपलेली नाही. आत शिरू न शकणाऱ्या वाघाचा क्षण त्याने निवडला. गुहेचे अरुंद द्वार हीच जणू चित्राची चौकट होते आणि आपणही नकळत पिलांच्या बाजूला, आतल्या काळोखात जाऊन बसतो. गद्यात भय आणि त्या भयाची मर्यादा एकामागून एक उलगडतात. इथे ती दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात भेटतात.

व्हिक्टोरियन कादंबरीने चित्रकाराला क्षण निवडण्याचा हाच मान दिला होता. डिकन्सच्या कादंबऱ्यांचे मासिक भाग निघत, तेव्हा बत्तीस पानांच्या मजकुरासोबत बहुधा दोन चित्रे असत. कोणता प्रसंग थांबवून दाखवावा, कोणता वाचकाच्या कल्पनेवर सोपवावा, या निवडीतच चित्रकाराचे रसिकत्व प्रकट होई.

लॉकवूडच्या हाताला तर या देशाच्या वस्तूंचा स्पर्श ठाऊक होता. १८६५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पे त्यांचीच. पुढे लाहोरला कलाशाळा आणि संग्रहालय सांभाळताना इथले कारागीर, इथली जनावरे, इथले अलंकरण त्यांनी डोळे भरून पाहिले. १८९१ च्या ‘बीस्ट अँड मॅन इन इंडिया’त बैल, हत्ती, माकडे यांचे माणसाशी असलेले नाते त्यांनी लेखणी आणि रेषा दोन्हींनी चितारले. मुलगा दूर अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये बसून शिवनीचे अरण्य कल्पनेने उभारत होता. १८९५ च्या ‘सेकंड जंगल बुक’ची सजावट करताना पित्याने त्या कल्पनेला आपल्या दीर्घ निरीक्षणाची साथ दिली.

मुलाच्या ‘किम’ या कादंबरीसाठी, १९०१ मध्ये, त्यांनी याहूनही रम्य वाट धरली: पात्रे मातीच्या उथळ उठावात घडवली आणि त्यांची छायाचित्रे पुस्तकात घातली. घोड्यांचा व्यापारी महबूब अली किंवा आजारी लेकराला घेतलेला जाट यांच्याकडे पाहताना उजेड कुठे रेंगाळतो, सावली कुठे दाटते, हे आपण निरखत राहतो. मुंबईच्या दगडावर रमलेला हात इथे कागदावर उतरतो, आणि सपाट पानालाही घनता येते. पुस्तक वाचणे हे पाहणेही असते आणि बोटांनी चाचपणेही, हा त्रिविध आनंद आपल्याला अशा चित्रकारांनीच दिला. म्हणून त्यांची नावे लेखकाच्या नावाइतक्याच प्रेमाने उच्चारावीत.