सतारीची गत : स्वरलिपी आणि हस्तलिपी

अमरावती-अकोल्याकडे सतार शिकणाऱ्या परीक्षार्थीच्या वहीत मसीतखानी गत बहुधा भातखंडे पद्धतीने लिहिलेली आढळते : वर स्वर, खाली ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ हे बोल आणि तालचिन्हे. एवढ्याने गत संपूर्ण लिहिली गेली, अशी समजूत रूढ आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

वस्तुतः येथे दोन भिन्न जातींच्या लिपी एकत्र नांदतात. स्वरांची ओळ कानाला काय ऐकू यावे ते सांगते. बोलांची ओळ हाताने काय करावे ते. ‘दा’ हा नखीचा आत येणारा आघात, ‘रा’ बाहेर जाणारा. युरोपात ल्यूट या तंतुवाद्यासाठी हा दुसरा मार्गच सर्वस्वी पत्करला गेला. व्हेनिस येथे १५०७ साली पेत्रुच्चीने छापलेल्या स्पिनाचिनोच्या संग्रहात रेषा तार दाखविते आणि तिच्यावरील आकडा पडदा. टॅब्लेचर नावाच्या या लिपीत स्वराचे नावच येत नाही. हे संगीत पुढे पंचरेषीय लिपीत उतरविले गेले, तेव्हा त्यातील स्वरांचे थर डोळ्यांना दिसू लागले. मात्र एखादा स्वर कोणत्या तारेवर घ्यावयाचा, ही खूण हरपली.

सतारीत उजव्या हाताला हस्तलिपी लाभली, डाव्याला गायनाची स्वरलिपी. परिणाम मींडेत दिसतो. ‘म ग रे’ या स्वरांवर कमान काढली की नवशिका बोट मध्यमाच्या पडद्यावर ठेवतो. प्रत्यक्षात ते ऋषभाच्या पडद्यावर हवे. तार तेथे आधीच मध्यमापर्यंत ओढून, आघात करून सैल सोडावयाची असते. मंद्र मध्यमाचेही तसेच. बाजाच्या तारेवर तो मोकळाच वाजतो, म्हणून तेथे त्याला खालून मींड नाही. जोडीच्या तारेवर, बाजाचा कोमल निषाद जेथे निघतो त्या पडद्यावर, तो दाबून मिळतो. कागदावर दोन्ही एकच.

याचा दोष भातखंड्यांना देणे अन्यायाचे होईल. त्यांना प्रामुख्याने गायकांच्या चिजा जतन करावयाच्या होत्या. शिवाय सतारीचे पडदे सरकते आणि त्यांची संख्याही सर्वत्र सारखी नसल्याने ल्यूटचे आकडे येथे निरुपयोगी ठरतील. तथापि कमानीखाली मूळ पडद्याचा स्वर आणि तारेचे आद्याक्षर लिहिण्यास कसलीच अडचण नाही. उस्तादाचा हात जवळून पाहावयास न मिळणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दोन अक्षरांवाचून गतीचा केवळ सांगाडा मिळतो.