‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे नक्की काय? मोबाइल कव्हरच्या दाव्यांची उलटतपासणी

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने त्याचं रिसर्च प्रपोजल वाचायला दिलं. विषय छान होता: मोबाइलच्या बॅक कव्हरसाठी मटेरियलची निवड. पण पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की बाजारातली चांगली कव्हरं ‘मिलिटरी ग्रेड’ असतात, म्हणून तीच तुलनेसाठी आधार धरली आहेत. मी तिथेच अडकले.

हा शब्द खोक्यावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामागे असतं ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं मिल-एसटीडी-८१० हे मानक. कव्हरवाल्यांची आवडती आवृत्ती २००८ची, ‘८१०जी’. त्यातली आपटण्याची चाचणी अशी: ४८ इंचांवरून, म्हणजे साधारण १२२ सेंमीवरून, वस्तू २६ वेळा टाकायची. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. ऐकायला कडक वाटतं ना? पण हे २६ आपटे पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा आहे. म्हणजे एकाच्या वाट्याला पाच-सहाच. आणि खाली काय, तर काँक्रीटवर ठेवलेलं दोन इंची प्लायवूड. रस्त्यावरची खडी नव्हे. शिवाय अमेरिकन सैन्य कुठल्याही कव्हरला ‘पास’ असं प्रमाणपत्र देत नाही. चाचणी कंपनी स्वतः करते किंवा करवून घेते. मानक खोटं नाही. ते सामानाच्या ने-आणीतल्या आपटाआपटीसाठी लिहिलंय आणि आपण त्याला भलतंच काम लावलंय.

आता मटेरियलकडे येऊ, कारण प्रपोजलची खरी गडबड तिथे होती. एक साधं गणित करून बघा. फोन १.२२ मीटरवरून पडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला साधारण ४.९ मीटर असतो. तो थांबायला किती अंतर मिळतं, यावर सगळं ठरतं. सरासरी झटका, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे उंची भागिले थांबण्याचं अंतर. कव्हर २ मिमी दबलं तर १२२० भागिले २, म्हणजे ६१० पट. अर्धाच मिमी दबलं तर २४४० पट. आणि ही सरासरी झाली. कव्हर साध्या स्प्रिंगसारखं वागलं तर कमाल झटका याच्या दुप्पट. गंमत म्हणजे या हिशेबात फोनचं वजन येतच नाही.

म्हणून नुसतं ‘मजबूत’ कव्हर म्हणणं निरर्थक आहे. एकसंध पॉलिकार्बोनेट कव्हर स्वतः तुटत नाही, पण दबतही नाही, मग झटका सरळ आत जातो. याउलट फार मऊ सिलिकॉन लगेच पूर्ण दबतं, आणि उरलेला वेग घेऊन फोन जवळजवळ थेट फरशीवर आपटतो. चांगली रचना मधली असते: आत टीपीयू, बाहेर पॉलिकार्बोनेटचं कवच, जे भार पसरवतं. कोपऱ्यात मुद्दाम पोकळी ठेवतात, तीही दबायला जागा मिळावी म्हणूनच.

मी स्वतः पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये इथेच तोंडावर आपटले होते. सिम्युलेशनमध्ये टीपीयूचा डेटा टाकला तो साध्या ताण-चाचणीचा. रंगीत चित्रं मस्त आली. सरांनी एकच प्रश्न विचारला, “हा डेटा कुठल्या वेगाचा?” ताण-चाचणीत नमुना सावकाश ओढला जातो, स्ट्रेन रेट सेकंदाला एकाच्याही खाली. आपटताना सगळा खेळ एखाद्या मिलिसेकंदात संपतो आणि रेट शेकड्यांत जातो. टीपीयू व्हिस्कोइलॅस्टिक आहे, वेग वाढला की ते कडक होतं. म्हणजे माझं सिम्युलेशन वेगळ्याच पदार्थाचं होतं. चार महिन्यांचं काम गेलं. ज्युनिअरच्या प्रपोजलमध्ये नेमका तोच तक्ता होता, बहुतेक कुठल्या तरी डेटाशीटमधून उचललेला.

याच मुद्द्यावरून आणखी एक दावा तपासा: ‘धडकेच्या क्षणी कडक होणारं मटेरियल’. ब्रिटनच्या डी३ओ कंपनीचं या जातीचं पॉलिमर प्रसिद्ध आहे. विज्ञान खरं आहे, जाहिरातीतली कारणमीमांसा मात्र अर्धवट. नुसतं कडक होणं म्हणजे थांबायचं अंतर कमी होणं, ते तर वाईटच! फायदा दुसरीकडून येतो: पातळ थर एकदम चेपून तळाला लागत नाही आणि बरीचशी ऊर्जा आतल्या आत, उष्णता होऊन, जिरते. प्रपोजलमध्ये ‘कडकपणा वाढतो म्हणून संरक्षण वाढतं’ असं लिहिलंत, तर परीक्षक तिथेच पकडणार.

काचेची गोष्ट तर वेगळीच. काच फुटते ती पृष्ठभागावरच्या बारीक चऱ्यातून, ताणाखाली. कव्हरची उंच कड सपाट फरशीवर काच वाचवते, पण टोकदार खडा कडेच्या आतच घुसला तर टीपीयू असो नाहीतर डी३ओ, काही उपयोग नाही. म्हणूनच कॉर्निंगसारखी काच बनवणारी कंपनी सँडपेपरवर फोन टाकून बघते. प्लायवूडवरच्या चाचणीत हा प्रश्न येतच नाही.

ज्युनिअरला मी प्रपोजल परत दिलं ते तीन खुणा करून: आधार कुठला, डेटा कुठल्या स्ट्रेन रेटचा, आणि ‘संरक्षण’ म्हणजे कशाचं, काचेचं की आतल्या सर्किटचं? तो जरा खट्टू झाला. मग म्हणाला, “ताई, डिपार्टमेंटमध्ये हाय-स्पीड टेस्टिंगची सोय कुठाय?” प्रश्न रास्त आहे. आमच्याकडेही नाही, मी दुसऱ्या लॅबच्या स्लॉटसाठी रांगेत आहे.